स्थलांतर आणि सुस्थिती : ब्रिटनमधील दोन समाज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. विषयाची निवड त्यांनी माझ्यावर सोपविली, आणि मी परदेशातील विषय निवडला, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु माझ्या मनात हा विषय आला तो घरातूनच. आमच्या घराण्यात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. माझे पणजोबा मारवाडातून एक लोटा आणि एक दोरी एवढ्याच भांडवलावर या मुलखात आले, आणि सचोटी, काटकसर व कष्ट यांच्या बळावर त्यांनी पेढी उभी केली. सभागृहातील बहुतेक घरांत हीच कथा थोड्याफार फरकाने सांगितली जात असेल. ती खोटी नाही. मात्र अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यावर मला तिच्यात एक मोठी गाळलेली जागा दिसू लागली. ती जागा कोणती, हे ब्रिटनमधील दोन स्थलांतरित समाजांच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते.

पहिला समाज पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीयांचा, मुख्यत्वे गुजराती भाषकांचा. त्यात लोहाणा, पाटीदार, इस्माइली आहेत, तसेच जामनगरजवळच्या हालार प्रदेशातून केनियात गेलेले आपले ओसवाल बांधवही आहेत. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेच्या बांधकामासाठी सुमारे ३२ हजार भारतीय मजूर नेण्यात आले, त्यांपैकी जवळजवळ अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. बहुतेक मजूर मुदत संपताच मायदेशी परतले. व्यापारी आले ते वेगळे. रेल्वेच्या मागोमाग त्यांची दुकाने आत आत गेली. तेथे त्यांना ‘दुकावाला’ म्हणत. पुढे नानजी कालिदास मेहता आणि मुळजीभाई माधवानी यांच्यासारख्यांनी युगांडात साखर कारखाने काढले. शाळा इंग्रजी, हिशेब गुजराती, देव घरचे, अशी ती व्यवस्था तीन पिढ्या चालली.

४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने घोषणा केली, की भारतीयांनी ९० दिवसांत देश सोडावा. सोबत नेता आले ते जेमतेम पन्नास-पंचावन्न पौंड आणि थोडे सामान. ब्रिटनने सुमारे २८ हजार जणांना आश्रय दिला. त्यांना आरंभी जुन्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन आमच्या शहरात येऊ नका, घरे व शाळा भरलेल्या आहेत, असे बजाविले. तरीही पुष्कळ कुटुंबे तेथेच गेली, कारण केनियातून १९६८ च्या सुमारास आलेले त्यांचे नातलग तेथे आधीच राहत होते. कदाचित जाहिरातीमुळेच काहींना त्या गावाचे नाव कळले असेल!

दुसरा समाज सिल्हेटच्या बंगाल्यांचा, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या ईशान्य भागातील लोकांचा. त्यांचे पूर्वसूरी कोलकात्याहून सुटणाऱ्या आगबोटींच्या भट्टीखान्यात कोळसा ओढणारे खलाशी. काही जण लंडनच्या गोदीत उतरले आणि राहिले. १९५० व ६० च्या दशकांत त्यांचे गाववाले आले. शेतकरी घरांतील हे तरुण एकटे आले आणि एकेका खोलीत पाळीपाळीने झोपले. ते पूर्व लंडनमधील शिवणकामाच्या कारखान्यांत किंवा खानावळींच्या मुदपाकखान्यात राबत आणि उरलेले पैसे गावी पाठवीत. ब्रिटनमध्ये ‘इंडियन’ अशी पाटी लावलेली बहुतेक उपाहारगृहे वस्तुतः या सिल्हेटी लोकांनी चालविलेली. बायका-मुले आली ती मुख्यतः १९७० च्या उत्तरार्धात व ८० च्या दशकात, तीही ढाक्यातील ब्रिटिश कचेरीत नाते सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घातल्यावर. पुढे जनुकीय चाचणी उपलब्ध झाली, तेव्हा नाकारलेल्या अनेक मुलांचे नाते खरेच होते असे आढळले. तोवर त्या मुलांची शाळेची वर्षे निघून गेली होती.

आता दोघांची तुलना करू. १९९४ मध्ये लंडनच्या पॉलिसी स्टडीज इन्स्टिट्यूटने वांशिक अल्पसंख्याकांची एक विस्तृत पाहणी केली. तारिक मोदूद व सहकाऱ्यांनी तिचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध केला. या पाहणीचे मोठे वैशिष्ट्य असे, की तिने आफ्रिकेतून आलेल्या भारतीयांची नोंद भारतातून थेट आलेल्यांपासून वेगळी केली. आफ्रिकेतून आलेले भारतीय नोकरी व उत्पन्नाच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळपास बरोबरीला पोहोचले होते. त्याच वेळी पाकिस्तानी व बांगलादेशी कुटुंबांपैकी पाचांतील चाराहून अधिक कुटुंबांचे उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्याहूनही कमी होते. जोसेफ राउनट्री फाउंडेशनच्या २००७ च्या अभ्यासात दारिद्र्याचे प्रमाण बांगलादेशींमध्ये ६५ टक्के, भारतीयांमध्ये २५ टक्के आणि गोऱ्या ब्रिटिशांमध्ये २० टक्के आढळले. इंग्लंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात ७४ टक्के भारतीय कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती, तर बांगलादेशी कुटुंबांत हे प्रमाण ४६ टक्के होते. २०१९ साली ताशी वेतनाचा मध्य घेतला तर भारतीय गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे १५ टक्के वर होते, बांगलादेशी तेवढेच खाली. अर्थात या अलीकडच्या आकड्यांतील ‘भारतीय’ या रकान्यात पंजाबी कामगार आहेत आणि कालपरवा गेलेले संगणक अभियंतेही आहेत. रकाने आखणारा आपल्या सोयीने आखतो.

असे आकडे ऐकले की श्रोत्यांच्या मनात एक निष्कर्ष तत्काळ तयार होतो, आणि तो मी परदेशस्थ आप्तांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. ‘आमची माणसे कष्टाळू, शिक्षणप्रेमी, निर्व्यसनी; त्यांची तशी नाहीत.’ बंधूंनो, या निष्कर्षापाशीच मला आपणांस थांबवायचे आहे.

युगांडाहून आलेल्या माणसाची थैली रिकामी होती, हे खरे. परंतु अमीनच्या शिपायांना विमानतळावर जे काढून घेता आले नाही, ते किती मोठे होते! इंग्रजीतून झालेले शिक्षण, दुकान चालविण्याचा तीन पिढ्यांचा अनुभव, शहरी राहणीची सवय, उधारीवर माल देणारा ज्ञातिबांधव आणि मुख्य म्हणजे एकत्र आलेले कुटुंब. दोन-तीन माणसे पहिल्याच महिन्यापासून कमावू लागली, एकाच्या पगारावर घर चालले व दुसऱ्याचा पगार शिल्लक पडला. त्या शिल्लकीतून लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरील बंद पडलेली दुकाने घेतली गेली, आणि त्या रस्त्याला पुढे ‘गोल्डन माइल’ हे नाव मिळाले. याउलट सिल्हेटच्या शेतकऱ्याजवळ इंग्रजी नव्हते, बाजारपेठेचा अनुभव नव्हता. कमावणारा एक आणि खाणारी तोंडे दोन देशांत. त्याची बायको आली तेव्हा शिवणकामाचे कारखाने बंद पडू लागले होते. ही तुलना दोन स्वभावांची कमी आणि दोन शिदोऱ्यांची अधिक आहे.

या यशोगाथेत स्त्रियांच्या वाट्याला काय आले, हेही सांगितले पाहिजे. नैरोबी, दारेसलाम, कंपाला येथे घरात नोकर-चाकर असलेल्या स्त्रिया ब्रिटनमध्ये कारखान्यांच्या पाळ्यांवर उभ्या राहिल्या. टांझानियाहून आलेल्या जयाबेन देसाई लंडनमधील ग्रुनविक या छायाचित्रे धुण्याच्या कारखान्यात कामाला होत्या. ऑगस्ट १९७६ मध्ये त्या अपमानास्पद वागणुकीविरुद्ध बाहेर पडल्या आणि साडी नेसलेल्या, अंगावर कोट चढविलेल्या स्त्रियांचा तो संप जवळजवळ दोन वर्षे चालला. संप फसला. त्याआधी १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्येही आशियाई कामगारांनी वेतनातील भेदभावाविरुद्ध संप केला होता, आणि पुढच्या वर्षी तो कारखानाच बंद झाला. आपल्या स्मरणिकांत यशस्वी उद्योजकांची छायाचित्रे छापली जातात. त्यांच्या पहिल्या दुकानाचे भांडवल बहुधा अशाच एखाद्या पाळीवरून आलेले असते.

दुसऱ्या समाजाची कथाही तेथेच थांबली नाही. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा शिवणकाम करणारा तरुण कामावरून घरी जात असता वंशद्वेषी हल्ल्यात मारला गेला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसे त्याच्या शवपेटीमागून मध्य लंडनपर्यंत चालत गेली. आपण येथे तात्पुरते आलो आहोत ही भावना त्या दिवशी संपली, असे तेथील लोक मानतात. त्यांची मुले ज्या टॉवर हॅम्लेट्स विभागात शिकत होती, तो १९९७ च्या सुमारास इंग्लंडच्या १४९ शिक्षण विभागांत शेवटच्या क्रमांकावर होता. तेथे शासनाने आणि स्थानिक संस्थेने शाळांवर पैसा खर्च केला, चांगले मुख्याध्यापक आणले, पालकांशी बंगालीत बोलणारी माणसे नेमली. पंधरा-वीस वर्षांत चित्र पालटले. आज सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेत बांगलादेशी मुलांचे सरासरी गुण राष्ट्रीय सरासरीहून आणि गोऱ्या ब्रिटिश मुलांहून अधिक आहेत. सिल्हेट भागात जन्मलेल्या रुशनारा अली २०१० मध्ये त्याच भागातून संसदेवर निवडून गेल्या. माणसे तीच, धर्म तोच, घरे अजूनही दाटीवाटीची. बदलली ती शाळा. ‘त्यांना शिक्षणाची आवडच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे एवढे तरी लक्षात घ्यावे. मात्र शाळेतील हे यश वेतनात अजून पुरते उतरलेले नाही, हेही तितकेच खरे आहे.

येथपर्यंत आर्थिक सुस्थितीविषयी बोललो. सामाजिक सुस्थिती निराळी असते, आणि ती मोजणे कठीण. १९७१ चा कंपालातील भारतीय व्यापारी उत्पन्नाने सर्वांत वर होता. बंगला, मोटार, क्लब, शाळा, सारे काही होते. शेजाऱ्यांशी संबंध मात्र बहुतांशी गिऱ्हाईक किंवा नोकर एवढाच. अमीन क्रूर होता, याबद्दल दुमत नाही. तरीही ९० दिवसांत एवढा समाज उखडला जात असता तेथील सामान्य लोकांतून फारसा विरोध उठला नाही, ही गोष्ट त्या पिढीतील वृद्धांना मालमत्ता गमावण्याहून अधिक लागली. एडना बोनासिच या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १९७३ मध्ये अशा समाजांविषयी सिद्धान्त मांडला, की वरचे राज्यकर्ते आणि खालची जनता यांच्या मधोमध व्यापार करणारा अल्पसंख्य समाज संपन्न असतो, आणि नेमका त्यामुळेच असुरक्षितही.

हे आपल्यापासून फार दूरचे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी गुजराती व मारवाडी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. माणसे मारण्यापेक्षा त्यांचा भर कर्जरोखे आणि वह्या जाळण्यावर होता. त्या सावकारांत आपल्या समाजाचे लोक होते, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. माझे पणजोबा त्यानंतर काही वर्षांनी आले. त्यांच्या हातात लोटा-दोरी होती खरी. पण गावात त्यांच्या मामांची पेढी होती, झोपायला ओटा होता, जेवायला पंगत होती, वही लिहिण्याचे शिक्षण मारवाडातच झाले होते, आणि पहिले तीनशे रुपये ज्ञातीतल्या एका गृहस्थाने कागद न करता दिले होते. माझ्या कथेतील गाळलेली जागा ती हीच. त्याच गावात त्याच वर्षी दुष्काळामुळे आलेल्या एखाद्या मजुराजवळही लोटा-दोरी असेलच. त्याच्या पणतूला आज भाषणाला कोणी बोलावीत नाही.

लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत आपल्या बांधवांनी देरासर केले, १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय एकाच छताखाली आहेत. (आपल्याकडे हे का जमत नाही, हा प्रश्न मी आज विचारणार नाही.) लंडनच्या ब्रिक लेनवरील मशिदीची इमारत १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांनी चर्च म्हणून बांधली. १८९८ पासून ते यहुद्यांचे सिनेगॉग होते, आणि १९७६ मध्ये बांगलादेशींची मशीद झाले. तीन स्थलांतरित समाज एकामागून एक तेथे आले आणि पहिले दोन सुस्थितीत येताच अन्यत्र राहावयास गेले. सुस्थितीचा क्रम असाही असतो. पण त्याच लेस्टरमध्ये २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव परस्परांसमोर उभे ठाकले. दोन्हीकडची कित्येक मुले याच शहरात जन्मलेली. पन्नास वर्षांच्या आर्थिक यशाने शेजार आपोआप तयार झाला नव्हता.

वेळ संपत आली आहे, म्हणून ट्रस्टविषयी एकच गोष्ट बोलतो. गेली अनेक वर्षे मी आपल्या शिष्यवृत्ती समितीवर आहे. आपल्या अर्जात वडिलांचे वार्षिक उत्पन्न आणि मागील परीक्षेचे गुण हे दोनच रकाने महत्त्वाचे ठरतात. त्यामुळे होते असे, की ज्या घरात तिसरी पिढी शिकत आहे त्या घरातील मुलगा, वडिलांचे दुकान यंदा मंदीत असल्याने, पात्र ठरतो. पेढीवर दिवाणजीचे काम करणाऱ्याची, देरासरातील पुजाऱ्याची किंवा आपल्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईची मुलगी चार गुणांनी मागे पडते. अशा दोन अर्जांवर नकाराची सही मी स्वतः केलेली आहे, हे येथे नमूद करतो. अर्जात आणखी तीन रकाने घालावेत : आईचे शिक्षण किती, घरात याआधी कोणी पदवीधर आहे काय, आणि अभ्यासाला घरात स्वतंत्र जागा आहे काय. त्याचबरोबर ‘अर्जदार जैन असावा’ ही अट निदान एक चतुर्थांश शिष्यवृत्त्यांपुरती शिथिल करावी. हा प्रस्ताव मी लेखी स्वरूपात अध्यक्ष महोदयांकडे आज सकाळीच दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो विषयपत्रिकेवर येईल. सभासदांनी त्या दिवशी उपस्थित राहावे. विरोध असेल त्यांनी तर अवश्य यावे.

जय जिनेंद्र!