तारखेच्या अलीकडचा छोटा शब्द

आज थोडं इंग्रजीचं बोलूया. घाबरू नका, पाठांतर नाही. चार-सहा छोटे शब्दच आहेत. पण त्यांच्यापायी आमच्या बचत गटाचा एका वर्षाचा स्टॉल हुकला, म्हणून सांगतोय.

प्रदर्शनात मसाला-पापडाचा स्टॉल मिळावा म्हणून आम्ही चौकशी केली होती. पत्र आलं ते इंग्रजीत. त्यात दोन ओळी होत्या. पहिली, ‘फॉर्म मस्ट बी सबमिटेड बाय टेन्थ जून.’ दुसरी, ‘करेक्शन्स मे बी मेड अंटिल फिफ्टीन्थ जून.’ गटातल्या एकीच्या नववीतल्या लेकीनं वाचलं, “एका ओळीत दहा जूनपर्यंत, दुसरीत पंधरा जूनपर्यंत.” जूनच्या पत्रात ‘मे’ कुठून आला, यावर आम्ही हसत बसलो. पेरणीची गडबड होती. सोयीची तारीख धरली आणि चौदाला फॉर्म घेऊन गेलो. फॉर्म परत मिळाला.

चूक पोरीची नव्हती. आपण मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च म्हणतो. ‘दहापर्यंत हप्ता भर’ म्हणतो आणि ‘दहापर्यंत माहेरी राहा’ असंही म्हणतो. इंग्रजीत यांना दोन वेगळे शब्द आहेत. काम एकदाच करून संपवायचं असेल, उशिरात उशिरा त्या दिवशी, तर ‘बाय’. एखादी गोष्ट त्या दिवसापर्यंत चालू राहणार असेल, तर ‘अंटिल’ किंवा ‘टिल’. म्हणजे फॉर्म दहाच्या आत द्यायचा होता. पंधरापर्यंत चालू होती ती फक्त दिलेल्या फॉर्ममधली दुरुस्ती.

आणखी दोन शब्द बघा. ‘बिफोर टेन्थ’ म्हणजे दहाच्या आधी, म्हणजे नऊ तारखेलाच काम उरकायचं. ‘विदिन सेव्हन डेज’ म्हणजे सात दिवसांच्या आत.

तारीख कळली तरी अर्धंच कळलं. ती किती सक्तीची, हे क्रियापदाजवळचा शब्द सांगतो. ‘मस्ट’ म्हणजे केलंच पाहिजे, सूट नाही. ‘शुड’ म्हणजे करावं, केलेलं बरं. ‘कॅन’ म्हणजे करता येईल. ‘मे’ म्हणजे मुभा आहे, किंवा कदाचित तसं होईल. ‘पेमेंट मे टेक सेव्हन डेज’ असं लिहिलं असेल, तर पैसे यायला सात दिवस लागू शकतात. सातव्या दिवशी येतीलच असा शब्द कुणी दिलेला नाही. त्या भरवशावर दुकानदाराला वायदा करू नका. आणि महिन्याच्या ‘मे’चं पहिलं अक्षर इंग्रजीत नेहमी मोठं असतं. वाक्याच्या मधोमध लहान अक्षराचा ‘मे’ दिसला, तर तो महिना नव्हे.

नकार आला की जास्त जपा. ‘मस्ट नॉट’ म्हणजे अजिबात करायचं नाही. ‘नीड नॉट’ म्हणजे करायची गरज नाही, केलं तरी बिघडत नाही.

आमची गोष्ट अजून संपली नाही. आम्ही विनंतीचा अर्ज दिला. उत्तर आलं, ‘द फॉर्म शुड हॅव बीन सबमिटेड बाय टेन्थ जून.’ ‘शुड’ दिसला आणि आम्ही खूश! वाटलं, फॉर्म द्यावा असं म्हणतायत. पुन्हा भाडं खर्चून तालुक्याला गेलो. तिथं कळलं, ‘शुड’च्या मागोमाग ‘हॅव बीन’ आलं की वेळ निघून गेलेली असते. ‘द्यायला हवा होता’, असा त्याचा अर्थ. तो सल्ला नव्हता, बोल लावलेला होता.

गेलेल्या वेळेचं असंच आहे. उद्या जायलाच हवं, तर ‘वुई मस्ट गो टुमॉरो’. पण काल जावंच लागलं, तर तिथं ‘मस्ट’ चालत नाही. ‘वुई हॅड टू गो यस्टर्डे’ म्हणायचं.

आता आमच्या गटात एक रीत पडली आहे. इंग्रजी कागद आला की दोन ठिकाणी पेनानं रेघ मारायची: एक तारखेच्या अलीकडच्या शब्दाखाली, दुसरी ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांच्याखाली. अडलं तर कार्यालयात विचारायचं, “कॅन वुई सबमिट इट टुमॉरो?” उद्या दिलं तर चालेल का, एवढाच प्रश्न. इंग्रजी जमलं नाही तर मराठीत विचारा, पण तारखेच्या आधी विचारा.

यंदा आमचा फॉर्म सहा जूनलाच गेला. तुमच्या पुढच्या बैठकीत घरातला एखादा जुना इंग्रजी कागद आणा आणि या दोन रेघा मारून बघा. पोरीबाळींनाही बसवा शेजारी.