खजुरीखालची बंदिनी

तोंडची दवंडी हवेंत विरते. नाण्यावरची मात्र हातोहात फिरते, हें रोमचे सम्राट ओळखून होते. इसवी सन ७० मध्यें जेरुसलेम पडलें, तेथील मंदिर जळालें. पुढच्याच वर्षीं सम्राट व्हेस्पेशियन याच्या पितळी 'सेस्टर्शियस' नाण्यावर खजुरीचें झाड, त्याखालीं शोकमग्न बसलेली स्त्री आणि 'ज्यूडिया जिंकली' हीं लॅटिन अक्षरें उमटलीं. रोमच्या बाजारांत भाकरी घेणाराच्या मुठींतहि तो विजय येऊन पडे.

पुढें १३२ सालीं बार कोखबाच्या नेतृत्वाखालीं ज्यू लोकांनीं बंड उभारलें. रोमन राज्यांतील काशाचीं नाणीं घेऊन त्यांवरच त्यांनीं आपले ठसे मारले. सम्राटाचा चेहरा बुजला आणि पुन्हा खजुरी उभी राहिली. परंतु तिच्याखालीं आतां बंदिनी नव्हती. १३५ सालीं बंड मोडलें. कांहीं नाण्यांवर मात्र नव्या ठशाखालून जुन्या रेषा अजूनहि डोकावतात.