सांगणाऱ्यांनी आधी ऐकायला शिकावे



1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर महाराष्ट्रात प्रशिक्षण व भेट योजना आली. दर पंधरवड्याला कर्मचाऱ्याने शिकायचे, गावातल्या संपर्क शेतकऱ्याला सांगायचे, त्याने बाकीच्यांना. बेत चोख होता. पण संपर्क शेतकरी बहुधा विहीरवाला. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याच्या बांधावर निरोप पोचेना आणि त्याचा सवाल वर जाईना.

2017 साली गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस पोखरला. सल्ला आला: हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की फवारा. सल्ला बरोबर आहे. पण सापळा कुठे मिळेल, त्यातली ल्यूर कधी बदलायची, पैसे कुठून आणायचे, हेही सांगणाऱ्याला शिकवले पाहिजे.

2025 साली कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. पदनाम मोठे झाले, आता प्रशिक्षणही बदला. त्या वर्गात कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवायला बसवा.

तुम्ही एवढे करा. अधिकारी गावात आला की प्रश्न वहीत लिहा, तारीख टाका, सही घ्या. पुढच्या भेटीत उत्तर मागा. नाही मिळाले तर तीच वही घेऊन आपण सारे तालुका कृषी कार्यालयात जाऊ.