सहस्रकुंडाच्या काठाने

आमच्या कामरगावकडे दरी म्हटली की चिखलदरा आठवतो, आणि नदीने कातळ चिरलेला पाहायचा तर जबलपूरजवळचे भेडाघाट गाठले पाहिजे, असा समज आहे. पण आपल्या वाशीम जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने जी पैनगंगा वाहते, तिनेच पुढे उमरखेड तालुक्यात सहस्रकुंडाला अशी घळई कोरली आहे. कारंज्याहून पुसद, उमरखेड करीत तिथे जाता येते. आगगाडीची हौस असेल तर पलीकडच्या नांदेड जिल्ह्यात सहस्रकुंड नावाचे स्टेशनच आहे.

मंडळी तिथे जातात ती श्रावणात, पूर बघायला. जरूर बघावा, पण लांबून. पुरात पाणी दिसते, घळई दिसत नाही. माझ्या मते पायी हिंडायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

पाणी ओसरले की धबधब्याच्या वरचे काळे पात्र उघडे पडते. त्यात जागोजाग गोल खळगे आहेत. काही वाटीएवढे, काही पार रांजणासारखे. ते कुणी केले? भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी! पाण्याबरोबर गोटा गरगर फिरतो आणि जात्यासारखा खालचा दगड दळीत जातो. एखाद्या खळग्यात हात घाला, तळाशी गुळगुळीत गोटे लागतील. पाहून झाले की परत ठेवा हं! त्यांचे काम अजून संपलेले नाही.

तिथून काठाकाठाने खाली चालावे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. निवताना त्याला उभ्या भेगा पडल्या. पडणारे पाणी पायथा पोखरते, वरची दरड भेगेवर सुटून कोसळते, आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. तो जिथून मागे सरकला, तिथे घळई उरली. म्हणजे आपण काठाने जेवढे चालतो, तेवढी वाट धबधबा आधीच चालून गेलेला आहे. फक्त उलट्या दिशेने.

पलीकडच्या तीरावर महादेवाचे मंदिर आहे. इंग्रजी अमदानीत अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य, अशी ही सरहद्द होती. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता संपली, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून दोन्ही तीर एकाच मुंबई राज्यात आले.

एक गोष्ट बजावून सांगतो. शेवाळलेला कातळ पायाखाली दगा देतो, आणि इथे ऊन असले तरी वर पाऊस झाल्यास पाणी बघता बघता चढते. तरुण मंडळी फोटोसाठी कड्याच्या टोकाशी जातात. माझ्या विद्यार्थ्यांना मी धबधब्याच्या माथ्यावर उतरू देत नाही. गावात आधी विचारावे, मगच पात्रात पाऊल टाकावे.

उन्हाळ्यात मात्र चित्र निराळे असते. वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. खालचे पात्र आटले की नदीकाठच्या गावांना गुरांसाठी, पिण्यासाठी पाणी पुरत नाही, आणि धरणाचे पाणी नदीत सोडा, अशी मागणी सुरू होते. त्या दिवसांत गेलात तर घळई पुरी पाहायला मिळेल, पण पाण्याची बाटली घरूनच न्यावी.