कॉलरने सांगितलेली वाट

बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाताना लागतं ते ज्ञानगंगा अभयारण्य. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०१९ मध्ये इथं एक नर वाघ पोहोचला, थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर लावली होती, म्हणून त्याची वाट कळली. वाटेत तो तेलंगणातही जाऊन आला! कॉलर त्याचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत तासातासानं कळवायची. अशा पाच हजारांहून अधिक नोंदी जमल्या. एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटर, तीही बरीचशी शेतं, नाले आणि रस्ते ओलांडत, बहुधा रात्रीच.

ज्ञानगंगेत बिबटे आहेत, नीलगाई, रानडुकरं आहेत. वाघीण मात्र नव्हती. मग वाघीण आणून सोडावी का, यावर चर्चा झाली. आमच्या मते खरा प्रश्न वाटेचा आहे. अभयारण्याची हद्द नकाशावर आखता येते, पण दोन जंगलांमधली जमीन शेतकऱ्याची, महामार्गाची, कालव्याची. तिथं भुयारी मार्ग कुठं हवा, हे ठरवायला अशा नोंदींचा आधार लागतो. एप्रिल २०२० मध्ये ती कॉलर काढण्यात आली.