चावडीवाचन आणि आज्ञावलीची परीक्षा

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दौंड तालुक्यांत, यवत हें गांव आहे. जवळच्या डोंगरावर भुलेश्वराचें प्राचीन देवालय, खालीं उसाचे मळे आणि गुऱ्हाळें. अशा गांवच्या शेतकऱ्याचा संगणकयंत्राशीं संबंध तो काय, असें कोणासहि वाटेल. परंतु त्याच्या जमिनीचा सातबारा आज त्या यंत्रांत आहे, आणि सोसायटीचें कर्ज, भावांची वाटणी, खरेदीखत हीं सर्व त्याच उताऱ्यावर अवलंबून आहेत. तेथें एक आंकडा चुकला, तर मनुष्य स्वतःच्याच बांधावर परका ठरतो.

हातानें लिहिलेले लक्षावधि उतारे यंत्रांत उतरवितांना चुका होणें अपरिहार्यच होतें. त्या हुडकण्याचा पहिला मार्ग यंत्राचाच. समजा, यवतच्या शिवारांतील एका गटाचें क्षेत्र १ हेक्टर ६२ आर आहे आणि तिघां भावांचे हिस्से प्रत्येकीं ५४ आर आहेत. नक्कल करणारानें एके ठिकाणीं ५४ चे ४५ केले, कीं बेरीज १५३ आर येते, मूळ क्षेत्राशीं जुळत नाहीं, आणि यंत्र तत्काळ हरकत घेतें. पण दुसऱ्या एका गटांत दोघां भावांचे हिस्से ७० व ९२ आर असून ते परस्परांच्या नांवावर पडले, तर बेरीज १६२ आरच राहते. यंत्राचें समाधान होतें आणि धाकट्याची २२ आर जमीन थोरल्याकडे जाते. हा दोष गणिताला दिसत नाहीं. ती जमीन कोण कसतो हें जाणणाऱ्या शेजाऱ्याला मात्र दिसतो.

म्हणूनच २०१७ सालीं महाराष्ट्रांत संगणकीकृत सातबाऱ्यांच्या चावडीवाचनाची मोहीम निघाली. उतारे गांवकऱ्यांसमोर वाचावयाचे, हरकती नोंदवावयाच्या आणि मग दुरुस्ती करावयाची, अशी ही पद्धत. लेखनदोष सुधारण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १५५ मध्यें आहेच.

वरील चुका नोंदींतल्या झाल्या. यंत्रानें काय करावें हें सांगणारी जी आज्ञावली, जिला सॉफ्टवेअर म्हणतात, तिच्यांतील दोष अधिक आडपडद्यांत असतात. आणि एक चुकलेली नोंद एकाच घराला नडते, तर चुकलेली आज्ञा जेथें जेथें लागू होते तेथें तेथें तीच चूक करीत जाते. फेरफाराची आज्ञावली घ्या. विकणाराचें क्षेत्र वजा करून घेणाराच्या खातीं जमा करावयाचें, एवढेंच तिचें काम. तिची परीक्षा घेणारा चतुर मनुष्य सरळ उदाहरणावर थांबत नाहीं. सगळी जमीन विकली तर? आहे त्याहून जास्त विकली तर? ९९ आरांत १ आर मिळविला तर १ हेक्टर होतो, कीं १०० आर तसेच राहतात? दोष बहुधा अशा सीमेवरच दबा धरून बसतो. शिवाय एक दोष काढतांना दुसरा शिरतो, म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर जुन्या सर्व कसोट्या पुनः लावाव्या लागतात. हें काम कंटाळवाणें खरें, पण टाळणें महागांत पडतें. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियान-५ हें अग्निबाण-यान उड्डाणानंतर सुमारें ३७ सेकंदांनीं मार्गभ्रष्ट होऊन नष्ट झालें. आधींच्या एरियान-४ मध्यें बिनतक्रार चाललेला आज्ञावलीचा भाग त्यांत जसाच्या तसा घेतला होता. नव्या यानाच्या वेगाचा आंकडा त्याच्या मापांत मावला नाहीं, आणि नव्या मार्गावर त्याची परीक्षा झालेली नव्हती.

चालवून पाहण्याखेरीज वाचून पाहणें हा जो दुसरा उपाय, त्याला आयबीएम कंपनींतील मायकेल फेगन यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखानें शिस्त लावून दिली. चारपांच जणांची बैठक, ती चालविणारा एक सूत्रधार, मजकूर आधीं प्रत्येकाच्या हातीं, आणि दोन तासांहून अधिक वेळ नाहीं. बैठकींत दोष फक्त नोंदवावयाचे, सोडवीत बसावयाचें नाहीं. नंतर झालेली दुरुस्ती सूत्रधारानें पडताळावयाची. निघालेल्या दोषांवरून लिहिणाराची किंमत ठरवावयाची नाहीं, हा नियम तर फारच शहाणपणाचा, कारण तसें झालें कीं दोष लपविण्याकडेच मनुष्याची प्रवृत्ति होते. चावडीशीं याचें साम्य उघड आहे.

तथापि परीक्षेनें दोष आहेत हें सिद्ध होतें, ते नाहींत हें नव्हे, असें डच शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनीं १९७० च्या सुमारास बजावून ठेवलें. चावडीवरहि तेंच. वाचनाच्या वेळीं जो हजर तोच हरकत घेणार. नोकरीनिमित्त पुण्यास गेलेला मुलगा, सासरीं दुसऱ्या तालुक्यांत नांदणारी बहीण, यांचीं नांवें वारसनोंदींत गळलीं असलीं तरी सभेंत कोणी चकार शब्द काढीत नाहीं, आणि तलाठ्याच्या कागदावर त्या गटापुढें हरकत नाहीं असाच शेरा पडतो.