फोनमधली कामांची यादी

विसरण्याची खोड माणसाला फार जुनी, आणि विसरू नये म्हणून काढलेल्या युक्त्याही तितक्याच जुन्या. कोणी उपरण्याला गाठ मारतो, कोणी भिंतीवर कोळशाने रेघा ओढतो, कोणी दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहून ठेवतो. आता तीच गाठ आपण फोनला मारू लागलो आहोत. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आज बऱ्याच घरांत बोटाने चालणारा फोन आहे. नवा घेतला की जुना पेटीत पडून राहतो. त्या जुन्या फोनकडून कामांची यादी नीट सांभाळून घेता येईल काय, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम या वस्तूचा इतिहास पाहू. पडद्याला स्पर्श करून चालणारा ‘सायमन’ नावाचा फोन आय. बी. एम. कंपनीने केला, आणि तो 1994 साली अमेरिकेत विक्रीला आला. वजन सुमारे अर्धा किलो. त्यात दिनदर्शिका होती, पत्त्यांची वही होती, टिपणे ठेवण्याची सोय होती. त्यानंतर 2007 साली ॲपलचा आयफोन आला आणि नुसत्या बोटाने फोन चालवण्याची रीत जगभर पसरली. पण गंमत अशी, की एवढ्या नावाजलेल्या त्या फोनमध्ये कामांच्या यादीसाठी वेगळी सोयच नव्हती. टिपणवही तेवढी होती. आठवण करून देणारी यादी त्यात आली ती 2011 च्या ऑक्टोबरात. आपल्याकडची अडचण आणखी निराळी. सुरुवातीच्या कित्येक फोनांत मराठी अक्षरे उमटत नसत, त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने यादी लिहावी तरी कशी?

हा प्रश्न किरकोळ नाही. पोषण अभियान 2018 साली सुरू झाले आणि अंगणवाडी सेविकांच्या हाती कामाच्या नोंदींसाठी फोन आले. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. फोनची साठवण अपुरी, तो तापतो, बिघडतो, आणि नोंदीचे ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कुपोषणाचे दुःख जव्हार-मोखाड्याला सांगायला नको. 1992-93 साली वावर-वांगणी भागातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. मुलाचे वजन केव्हा घ्यायचे, कोणत्या घरी पुन्हा जायचे, ही यादी इथे जिवाशी गाठ असलेली यादी आहे. ती जिला वापरायची तिच्याच भाषेत ती नसेल, तर यंत्र असून नसल्यासारखेच. मला सांगायचे आहे ते एवढेच. यादी ज्याची त्याच्या शब्दांत हवी आणि त्याच्या दिवसांच्या मापाने हवी.

दिवसांचे माप म्हणजे काय? फोनला तारीख कळते, लावणी कळत नाही. आपण म्हणतो, ‘नागलीची लावणी झाली की’, ‘बोहाड्याच्या आधी’, ‘दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेल्यावर’. ही दोन मापे एकमेकांना जोडून द्यावी लागतात. उदाहरण घेऊ. 10 ऑक्टोबरला मूल जन्मले. त्याच्या लसी 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या. म्हणजे तारखा आल्या 21 नोव्हेंबर, 19 डिसेंबर आणि 16 जानेवारी. आठवड्यांची मोजणी असल्याने जन्माचा वार तोच या तिन्ही तारखांचा वार, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. पण दिवाळी होताच कुटुंब भिवंडीकडे किंवा वसईकडे भट्टीवर गेले, तर या तारखा गावात नव्हे, भट्टीवर येणार. मग नोंद नुसती ‘लस’ अशी करून भागणार नाही. ‘भट्टीवर असताना बाळाची लस, कार्ड सोबत घेणे, जवळचे आरोग्य केंद्र विचारणे’ अशी ती हवी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ‘कार्ड पिशवीत टाकले काय?’ असा आणखी एक गजर हवा. पुढे नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेलाची लस. ती तारीख येते 10 जुलैला, म्हणजे ऐन लावणीत, आई चिखलात उभी असताना! घरात आधीच सांगून ठेवावे, तर त्या दिवशी कोणीतरी तिची जागा घेईल.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. आपली कामे तारखेपेक्षा ठिकाणाने जास्त अडतात. मोखाड्याच्या माणसाचे तहसील मोखाड्याला, प्रांत आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय जव्हारला, आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी नवा जिल्हा झाल्यापासून जिल्ह्याचे ठिकाण पालघरला. म्हणून फोनमध्ये तीन टिपणे करावीत: ‘मोखाडा’, ‘जव्हार’, ‘पालघर’. एस. टी.त बसण्यापूर्वी ज्या गावी जायचे त्याचे टिपण उघडावे. दाखल्याचे काम झाले आणि शिष्यवृत्तीचा कागद घरी राहिला, असे मग होणार नाही.

तिसरी गोष्ट मुदतीची. वनहक्काच्या दाव्यावर ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल, तर उपविभागीय समितीकडे 60 दिवसांच्या आत जावे लागते. इथे गजर साठाव्या दिवशी लावून काय उपयोग? तो तिसाव्या दिवशी लावावा, आणि पुन्हा पंचेचाळिसाव्या. म्हणजे कागद जमवायला, साथीला माणूस शोधायला वेळ राहतो.

आता काही व्यवहाराच्या सूचना. गजर, दिनदर्शिका आणि टिपणवही यांना रेंज लागत नाही. डोंगराआड फोन मुका झाला तरी गजर वाजतो. मात्र फोन बंद असला तर बहुतेक फोनांत तो वाजत नाही, म्हणून रात्री चार्जिंग पाहून घ्यावे. ओल्या किंवा चिखलाच्या बोटाला पडदा दाद देत नाही. हात पुसून मग फोन हाती घ्यावा. नोंदीत क्रियापद असावे. नुसते ‘रेशन’ नको, ‘रेशन दुकानात सर्वांचे आधार नेणे’ असे असावे. एका दिवसाला तीन-चार कामे पुरेत. वीस कामांची यादी कोणी वाचत नाही. आणि ती वाचण्याची वेळ ठरलेली असावी, सकाळचा चहा होतो तेव्हा म्हणा, किंवा रात्री निजण्यापूर्वी.

ज्याला लिहिता येत नाही त्याचे काय? त्याने बोलावे! आवाज नोंदवण्याची सोय जुन्या फोनांतही बहुधा असते. वारली बोलीत, ठाकरीत, कातकरीत, जशी जिभेवर येईल तशी नोंद करावी. यंत्राला ती समजण्याची गरज नाही, ऐकणाऱ्याला समजली म्हणजे झाले.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांना आठवडे आणि तारखा यांचे गणित शिकवताना असेच उदाहरण घ्या. धाकट्या भावंडाच्या लसींच्या तारखा मुलांनाच काढू द्या आणि घरच्या फोनमध्ये घालू द्या. गणितही होईल, घरचे कामही होईल.

शेवटी एक सांगून थांबतो. फोन हाक मारील, पण उठायचे आपल्यालाच आहे. गजर झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. एस. टी. चुकली, पूल पाण्याखाली गेला, दवाखान्यात कोणी भेटले नाही, तर ती नोंद पुसू नका, नवी तारीख घालून पुढे न्या. राहिलेले काम यादीत दिसत राहिले पाहिजे. दिसत राहिले तरच ते कोणाच्या तरी हातून पुरे होईल.